सही-शिक्क्याचं ऋण

ठाण्यात वर्तकनगरच्या हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं होती. एक आमचं, एक रेमंडमध्ये फिटर असलेल्या काकांचं, एक पोलीस हवालदारांचं आणि जिन्याला लागून बाईंचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या शिक्षिका. दारावर नावाची पाटी होती, पण अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणायची, हवालदारसुद्धा.

त्या बेने इस्रायल होत्या. मूळ अलिबागकडच्या. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं कोकणात शनवार तेली म्हणून ओळखली जात. ठाण्यात त्यांची वस्ती जुनी. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं शार हशामाईम हे सिनेगॉग १८७९ सालचं. बाईंची मराठी आमच्यापेक्षा चोख. नऊवारी त्यांच्या आईनेही नेसलेली आणि आजीनेही. फरक काय तो स्वयंपाकघरात कळायचा. कोलंबी-खेकडे त्या घरात कधी शिरले नाहीत, मासा असायचा तो खवल्यांचाच आणि मटणाच्या जेवणात दही-दुधाऐवजी नारळाचं दूध. मलिदा असला की आम्हा पोरांना हमखास बोलावणं यायचं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला हा प्रसाद माझ्या आईला इतका आवडे की ती तो सत्यनारायणाच्या शिऱ्याच्या तोडीचा मानायची, आणि आईच्या लेखी याहून मोठं प्रशस्तिपत्रक नव्हतं.

माझ्यावर बाईंचे उपकार झाले ते एका टाइपरायटरमुळे. त्यांचे यजमान रेल्वेच्या कचेरीत होते. ते गेल्यावर त्यांचं जुनं रेमिंग्टन यंत्र बाईंच्या खिडकीपाशी मेजावर तसंच राहिलं होतं. आमच्या घरात एका खोलीत सहा माणसं. वडील कळव्याला फिलिप्समध्ये दिव्यांच्या विभागात कामगार. मॅट्रिकनंतर सरकारी कारकुनाच्या जागेसाठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, इंग्रजी चाळीस शब्दांचं नाहीतर मराठी तीस शब्दांचं. स्टेशनजवळच्या इन्स्टिट्यूटची फी दर महिन्याला भरणं घराला परवडणारं नव्हतं. बाईंनी हे कुठून तरी ऐकलं. एका संध्याकाळी दार ठोठावून त्या आईला म्हणाल्या, "पोरीला उद्यापासून माझ्याकडे पाठवा. यंत्र गंजतंय."

उपकार करताना तो आपणच यंत्रावर करतोय असं भासवायची ही त्यांची रीत. फीचा विषय आईने काढला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की रिबन आणि कार्बन तुमचा, बाकी काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्या दिवा लावायच्या. मग शनिवारी संध्याकाळपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. मी बोटं न बघता टाइप करावं म्हणून त्या कळांवर वर्तमानपत्र टाकायच्या, आणि चूक झाली की नुसती तांबडी पेन्सिल उचलायच्या. त्या पेन्सिलीचा धाक असा होता की आजही कागदावर खाडाखोड दिसली की माझी पाठ आपोआप ताठ होते.

सर्टिफिकेट मिळालं, परीक्षा दिली, महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. पहिला पगार झाला तेव्हा पेढे घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी एक पेढा खाल्ला, बाकीचे इमारतीत वाटायला सांगितले आणि विचारलं, "आता तुझ्याकडे शिक्का आला का?" मी हसून म्हटलं, शिक्का साहेबांकडे, माझ्याकडे फक्त आवक-जावक. त्यावर बाई म्हणाल्या, "येईल एक दिवस. तेव्हा मी तुला एक गोष्ट सांगेन."

ती गोष्ट त्यांनी पुढे खरोखरच सांगितली. त्यांचे भाऊ इस्रायलला स्थायिक झाले होते. त्यांची मराठीतली पत्रं यायची, आणि त्यातली कामाची बाई मला वाचून दाखवायच्या. अशाच एका पत्रात भावाने कळवलं होतं की इथे सध्या एका जपानी कॉन्सलचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. चिउने सुगिहारा. १९८४ साली याद वाशेम या जेरुसलेमच्या स्मृतिसंस्थेने त्यांना मोठा सन्मान जाहीर केला होता. ज्यूंना वाचवण्यासाठी ज्या परधर्मीयांनी जोखीम पत्करली, त्यांच्यासाठीचा हा सन्मान.

बाई इतिहासाच्या, त्यामुळे गोष्ट सांगताना सन आणि नकाशा आधी. १९४० सालचा लिथुआनिया. कौनस हे गाव. पोलंडवर जर्मनीने आणि रशियाने दोन बाजूंनी झडप घातल्यावर हजारो पोलिश ज्यू तिथे येऊन अडकलेले. जून महिन्यात रशियाने लिथुआनियाही घेतला आणि परदेशी वकिलाती बंद करायचा हुकूम काढला. पश्चिमेकडे नाझी, इतर वाटा बंद. सुटायची एकच वाट उरली होती: सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने जपान. त्यासाठी जपानमधून पुढे जाण्याचा, म्हणजे ट्रान्झिट, व्हिसा हवा. जुलैच्या अखेरीस एका सकाळी सुगिहारांच्या फाटकापाशी माणसांची गर्दी जमली. त्यांनी टोकियोला तारा केल्या. उत्तर एकच: पुढच्या देशाचा पक्का परवाना आणि पुरेसे पैसे असल्याशिवाय व्हिसा देऊ नये. सुगिहारांनी बायकोशी बोलून व्हिसा द्यायला सुरुवात केली. हाताने लिहिलेले, दिवस दिवस, रात्री हात आखडेपर्यंत. सप्टेंबरच्या सुरुवातीला कौनस सोडताना गाडीच्या खिडकीतूनही ते कागद देत होते. त्यांनी टोकियोला पाठवलेल्या यादीत २,१३९ नावं आहेत. एका व्हिसावर कुटुंबाचं कुटुंब निघायचं, त्यामुळे वाचलेली माणसं त्याहून पुष्कळ जास्त.

युद्ध संपल्यावर रशियनांच्या ताब्यातून सुटून ते जपानला परतले, आणि १९४७ साली परराष्ट्र खात्याने त्यांना नोकरीतून मोकळं केलं. पुढे पडेल ते काम केलं, व्यापारी कंपनीसाठी मॉस्कोत वर्षानुवर्षं राहिले. आपण लिहिलेल्या कागदांचं काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. १९६८ साली टोकियोतल्या इस्रायली वकिलातीतल्या एका माणसाने त्यांना शोधून काढलं. तो माणूस, येहोशुआ निश्री, त्यांच्याच व्हिसावर सुटलेला होता.

मी बाईंना विचारलं, नोकरी गेली तरी चालेल असं त्यांना का वाटलं असेल? बाईंना असले प्रश्न आवडत नसत. त्या म्हणाल्या, "का ते त्याचं त्याला ठाऊक. तू हे बघ की त्याच्याकडे बंदूक नव्हती, पैसा नव्हता. दौत, टाक आणि शिक्का. तुमच्या कचेरीत असतं तेवढंच."

या गोष्टीच्या वेळी आईही बसलेली होती. तिचं माहेर रुकडीचं, कोल्हापूरजवळचं. ती एकदम म्हणाली, "आमच्या वळिवड्याला नव्हत्या का पोलंडच्या बायका!" मग तिने जे सांगितलं ते आम्ही तोवर कधीच ऐकलं नव्हतं. ती लहान असताना वळिवड्याला गोऱ्या बायका-मुलांचं गावच्या गाव वसलं होतं. बराकी, चर्च, शाळा, दवाखाना. पोरं पंचगंगेत पोहायची, बायका बाजाराला यायच्या आणि मोडक्या मराठीत भाव करायच्या. आईला एवढंच ठाऊक की ती माणसं लढाईतून आली आणि एक दिवस निघून गेली. बाईंनी तिला लगेच विचारलं, "त्यांना इथे यायचा कागद कोणी दिला?" आईला सांगता आलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे शोधलं. रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरिया आणि मध्य आशियात हाकलली होती. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली, पण जायचं कुठे? त्या वेळी मुंबईत पोलंडचे कॉन्सल जनरल होते युजेनियुश बानासिन्स्की. त्यांची पत्नी किरा पोलिश रेड क्रॉसचं काम पाहायची. या दोघांनी खटपट करून मदतीच्या सामानाचे ट्रक वायव्येच्या वाटेने इराणमार्गे रशियाच्या हद्दीत अश्काबादकडे धाडले, आणि परतीच्या वाटेवर त्याच ट्रकांतून अनाथ मुलं आणली. १९४२ च्या एप्रिलात दीडशेहून अधिक मुलांची पहिली तुकडी मुंबईला पोचली आणि वांद्र्याला उतरली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली. पुढच्या वर्षी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची मोठी छावणी झाली. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४८ पर्यंत तिथे राहिली. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले, आणि ते आजचं गांधीनगर.

ही मंडळी बहुतांशी कॅथलिक. त्यांच्यात काही ज्यूही होते. पण बाईंच्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसं होतं. कागदाची सोय लावणारा कोणीतरी कचेरीत बसलेला होता. कागद नसला की काय होतं तेही याच मुलांच्या वाटेवर दिसतं. तेहरानपर्यंत पोचलेल्या सातशेहून अधिक पोलिश ज्यू मुलांना पॅलेस्टाइनला जायचं होतं. मध्ये इराक. इराकने वाट दिली नाही. मग त्या पोरांना समुद्रमार्गे कराचीला आणलं, तिथून बोटीने सुएझला नेलं, आणि १९४३ च्या फेब्रुवारीत ती पोचली. एका शिक्क्यापायी मुलांना अरबी समुद्रातून एवढा वळसा घालावा लागला.

मुंबईचंही तसंच. हिटलर आल्यावर युरोपातून निघालेल्या ज्यूंना ब्रिटिश हिंदुस्थानात पाय ठेवायचा तर हमी लागायची, की हा माणूस सरकारवर ओझं होणार नाही. मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने अशा हम्या घेतल्या. त्या काळात मुंबईत आसरा मिळालेल्यांपैकी वॉल्टर कॉफमन हे संगीतकार पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम बघू लागले. सकाळी आकाशवाणी लागताना तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी धून वाजते ती त्यांची मानली जाते. आमच्या पिढीतलं एकही मराठी घर त्या धुनेशिवाय जागं झालेलं नसेल, आणि ती ज्यांची मानली जाते ते आसऱ्यासाठी मुंबईत आले होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

कागदाचा बडगा बाईंच्या स्वतःच्या माणसांनाही चुकला नव्हता. त्यांचे भाऊ इस्रायलला गेले तेव्हा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांच्या नोंदीत खोट काढली. आजी-पणजीपर्यंतची वंशावळ दाखवा म्हणाले. कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या माणसांना ज्यूंच्याच देशात ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग ते मिटलं. बाई हे सांगताना चिडायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "बघ, छळ करायला नाझीच लागतो असं नाही. फॉर्मात एक रकाना वाढवला की पुरतं."

हे वाक्य माझ्या नोकरीत मला रोज भेटलं.

१९८० साली संजय गांधी निराधार योजना आली होती. मी ते टेबल सांभाळत असताना येऊरच्या पाड्यावरून एक वारली म्हातारी यायची. हातात काठी, कनवटीला रेशनकार्डाची घडी. वयाचा दाखला नाही. शाळेत गेली नाही, जन्माची नोंद झाली नाही, तर दाखला कुठून येणार? अर्जावर 'त्रुटी' असा शेरा मारून परत पाठवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग होता, आणि रीतही तीच पडलेली. मी शासन निर्णय काढला. पहिलं पान सगळेच वाचतात. मी शेवटचं पान वाचलं. तिथे लिहिलेलं होतं की जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला नसेल तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखला चालेल. म्हातारीला चिठ्ठी दिली, सिव्हिलला कुठल्या खिडकीवर जायचं ते तिच्या नातवाला समजावलं, आणि पुढच्या बैठकीत प्रकरण मंजूर झालं. यात शौर्य काही नाही. नियम मोडला नाही, वाकवलाही नाही. नियम होता तेवढा पूर्ण वाचला, इतकंच. पण तो वाचायची सवय त्या तांबड्या पेन्सिलीने लावलेली होती.

बाई १९८७ च्या सुमारास भावाकडे इस्रायलला गेल्या. जायच्या आधी घर आवरताना मला मनातून वाटत होतं की टाइपरायटर त्या मला देतील. त्यांनी तो तळमजल्यावरच्या एका मुलीला दिला. "तुला नोकरी लागली, तिला लागायचीय," हे वर ऐकवलं. सुरुवातीला नियमित पत्रं यायची. मग अक्षर थरथरायला लागलं, मग पत्रं थांबली, आणि एक दिवस त्यांच्या भाच्याचं पत्र आलं की बाई गेल्या. परतफेड करायची राहून गेली असं म्हणायलाही जागा नाही. परतफेड त्यांना चालणारच नव्हती.

गोष्टीचा एक धागा बाईंनाही माहीत नव्हता. तो मला पुष्कळ वर्षांनी सापडला. तो वाचताना पहिल्यांदा आठवले ते माझे वडील.

सुगिहारांच्या व्हिसासाठी पुढच्या मुक्कामाचा परवाना हवा होता. तो देणारा माणूस दुसराच होता. यान झ्वार्टेंडाइक. ते मुत्सद्दी नव्हतेच; फिलिप्स कंपनीचे लिथुआनियातले प्रमुख, रेडिओ आणि दिवे विकणारे. जून १९४० मध्ये रिगामधले डच राजदूत दे डेकर यांनी त्यांना कौनसचं मानद कॉन्सलपद सांभाळायला सांगितलं. पेसला लेविन नावाची एक बाई मूळची डच, पण पोलिश ज्यूशी लग्न केल्यामुळे नागरिकत्व गेलेलं. तिने दे डेकरना विचारलं, डचांच्या कॅरिबियनमधल्या वसाहतींत जाता येईल का? उत्तर आलं की क्युरासाओला व्हिसा लागत नाही, मात्र उतरायचं की नाही हे तिथला गव्हर्नर ठरवतो. तिने सुचवलं, पहिलं अर्धं वाक्य लिहा, दुसरं गाळा. दे डेकरनी तसं लिहून दिलं. झ्वार्टेंडाइक यांनी तेच अर्धं वाक्य जुलैच्या अखेरीस जेमतेम दहा दिवसांत दोन हजारांहून अधिक कागदांवर लिहिलं. मग रशियनांनी ते कार्यालय बंद केलं. हा कागद घेऊन माणसं सुगिहारांकडे गेली. क्युरासाओला त्यांतलं जवळजवळ कोणीच पोचलं नाही आणि कोणाला पोचायचंही नव्हतं. कोबे, शांघाय, जिथे वाट मिळाली तिथे ती जगली.

झ्वार्टेंडाइक मुकाट्याने हॉलंडला परतले आणि जर्मनांच्या अंमलाखाली फिलिप्सच्या आइंडहोव्हेनच्या कचेरीत कामाला लागले. ते बोलले असते तर जिवावर बेतलं असतं. साठच्या दशकात ही हकीकत बाहेर फुटली तेव्हा त्यांच्याच परराष्ट्र खात्याने त्यांना नियमबाह्य वागल्याबद्दल समज दिली. आपण पाठवलेली माणसं वाचली की वाटेत मेली, हा घोर त्यांना अखेरपर्यंत लागून होता. १९७६ साली ते वारले, आणि त्यानंतर लगेचच घरी पत्र आलं की त्या कागदांवर निघालेल्यांपैकी बहुतेक सगळे वाचले. याद वाशेमने त्यांचा सन्मान केला १९९७ मध्ये. २०१८ साली कौनसला त्यांच्या जुन्या कचेरीसमोर दिव्यांचं स्मारक झालं.

माझे वडील निवृत्तीपर्यंत कळव्याला दिवे बनवत होते. आपल्या कंपनीच्या एका माणसाने हे केलं, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी ते पाळीतल्या प्रत्येकाला सांगितलं असतं. त्यांनाही सांगायचं राहिलं.

या दोन कॉन्सलांचा विचार करताना मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. सुगिहारांनी वरिष्ठांचा हुकूम डावलला. ते धाडस शंभरात एखाद्याला जमतं. झ्वार्टेंडाइक यांनी माणसाच्या वाटेतलं एक अडवणारं वाक्य लिहिलं नाही. तेही सोपं नव्हतं. आपल्या कचेऱ्यांत मात्र नेमकं उलट चालतं. नियमात नसलेलं वाक्य आपण पदरचं घालतो. झेरॉक्स चालणार नाही, उद्या या, नावात काना राहिलाय, साहेब नाहीत. त्यासाठी कोणी आपल्याला हुकूम दिलेला नसतो.

म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्यांना, मग ती तहसील असो, बँक असो, शाळेचं कार्यालय असो की महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, माझी विनंती आहे. कोणाला परत पाठवण्याआधी नियम शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्यात नसलेली अट आपल्या पदरची घालू नका. आणि समोरच्याचं काम झालं की त्याने पेढे आणले तर एकच घ्या. बाकीचे त्याला वाटायला सांगा.